नागपुरात माणसं मोजायला निघालेल्या प्रगणकांना खुले पत्र

प्रिय प्रगणक बंधू-भगिनींनो,

मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणनांना मी नागपुरात दारोदार फिरले. पहिल्यांदा इंदोऱ्याच्या बाजूला, दुसऱ्यांदा टिमकी-हंसापुरीच्या गल्ल्यांत. शेवटच्या वेळी माझा गट, म्हणजे मला मोजायला दिलेला भाग, शहराच्या अगदी कडेला होता. तिथे लेआउट पडत होते आणि लेआउटच्या पलीकडे वीटभट्ट्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर याही वेळी आले असते. म्हणून पत्र लिहिते आहे.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरून देशाची मोजणी व्हायची आहे, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. तुमच्यापैकी अनेकांनी आधी कधी हे काम केलेलं नसेल. २०११ मध्ये जे शाळेत होते ते आज शिक्षक म्हणून प्रगणक झाले आहेत. प्रशिक्षणात तुम्हाला मोबाइलवरचं ॲप शिकवतील, गटाच्या हद्दी दाखवतील, नजरी नकाशा कसा वाचायचा ते सांगतील. ते सगळं नीट शिकून घ्या. मला सांगायचं आहे ते दारात उभं राहिल्यावर काय करायचं याबद्दल.

आधी एवढं सांगते, की तुमच्या बोटाखालून जाणारा आकडा कुठे कुठे पोहोचतो. आमच्या वस्तीतल्या एका बाईला तीन वर्षांपासून धाकट्या दोन मुलांची नावं रेशनकार्डावर चढवून हवी आहेत. नावं चढली, पण धान्य मिळत नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच: ‘इष्टांक पूर्ण झाला.’ हा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, आला कुठून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला, आणि त्यासाठी लोकसंख्या धरली ती २०११ ची. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसं आली. नंतर जन्मलेल्या लेकरांसाठी तो आकडा वाढला नाही. त्या बाईची दोन्ही मुलं २०११ नंतरची. देशाच्या हिशेबात ती अजून जन्मलेलीच नाहीत.

दवाखान्यांचंही असंच. शहरात साधारण ५० हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडीला चारशे ते आठशे लोकसंख्या, असे निकष आहेत. २०११ मध्ये नागपूर शहर २४ लाखांचं मोजलं गेलं. हुडकेश्वर, नरसाळा तर शहरात आले त्यानंतर. वाठोडा, पारडी, भरतवाडा या बाजूला ज्यांनी घरं बांधली त्यांना विचारा, लसीकरणाला किती लांब जावं लागतं. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की एप्रिल २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनच्या पुढे गेलो. पण अंदाजावरून कुठल्या गल्लीत परिचारिका हवी ते कळत नाही.

आता २००१ ची गोष्ट.

टिमकीतलं घर. खाली माग, वर माळ्यावर संसार. दारात कुटुंबप्रमुख बसले होते, उत्तरं तेच देत होते. विवाहित स्त्रीबद्दलचे प्रश्न आले. हयात मुलं किती? ‘तीन.’ आजवर जिवंत जन्मलेली किती? ‘तीनच की.’ मी दोन्ही रकान्यांत तीन लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले. अजून चाळीस घरं बाकी होती, ऊन चढत होतं. चार दिवसांनी त्याच गल्लीच्या नळावर ती बाई भेटली. तिने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही त्यायले विचारलं जी. मले नाही विचारलं. माह्ये पाच लेकरं झाले होते. दोन गेले.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी तिची दोन लेकरं लिहिली नाहीत, एवढंच ती मला सांगत होती. मी संध्याकाळी पुन्हा गेले, पत्रक काढलं, पर्यवेक्षकांना सांगून तीनच्या जागी पाच केलं. पण त्या रात्री माझ्या मनात आलं, की आतापर्यंत झालेल्या शंभर-सव्वाशे घरांपैकी किती घरांत मी नळापर्यंत गेलेच नव्हते?

मला तर हे आधीच समजायला हवं होतं. माझी पहिली मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्याच २००१ च्या फेब्रुवारीत मी माझ्या गटात फिरत असताना आमच्या घरी दुसऱ्या प्रगणक येऊन गेल्या. आमच्या ह्यांनी सांगितलं, मुलं दोन. संध्याकाळी मी विचारलं, तिचं सांगितलं का? ते म्हणाले, तिचं काय सांगायचं? त्यांना दुःख नव्हतं असं नाही. घरोघरी हेच होतं. पुरुषाला वाटतं, गेलेल्याचं नाव परक्यासमोर कशाला. आणि बाईला कुणी विचारत नाही.

म्हणून पहिली विनंती ही, की स्त्रीचे प्रश्न स्त्रीलाच विचारा. ती भांडी घासत असेल तर थांबा. सासूसमोर बोलत नसेल तर पाणी मागा आणि आत जा. पुरुष प्रगणक असाल तर शेजारची एखादी बाई किंवा अंगणवाडीताई सोबत घ्या, पण उत्तर तिच्याच तोंडून येऊ द्या. ‘किती मुलं झाली?’ असं विचारलं की आहेत तेवढीच सांगतात. असं विचारा: घरी राहतात किती, बाहेरगावी किती, लग्न होऊन गेलेल्या मुली किती, आणि जन्मून गेलेलं कुणी आहे का? मग ती जरा वेळ गप्प बसेल. त्या वेळी तुम्ही बोलू नका. ‘एक झालं होतं, पण ते काही नाही’ असं म्हणाली तर हळू आवाजात एकच विचारा, ‘बाळ रडलं होतं का?’ रडलं असेल, श्वास घेतला असेल, तर ते जिवंत जन्मलेलं मूल. तासभर जगलं असेल तरी त्याची नोंद व्हायलाच हवी.

हे फक्त माणुसकीपोटी सांगत नाही. जन्मलेली किती आणि हयात किती, या दोन रकान्यांतल्या फरकातून आणि आईच्या वयावरून त्या भागातल्या बालमृत्यूंचं प्रमाण काढता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असतं, त्यातून पुष्कळ कळतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानेच सांगितलं की १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे आणि पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे पस्तीसहून जास्त मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. पण ते सर्वेक्षण देशभरातल्या सहा लाखांहून थोड्या अधिक घरांचं. त्यात तुमची गल्ली असेलच असं नाही. जनगणना मात्र प्रत्येक दारात जाते. दोन्ही रकान्यांत तीन-तीन लिहून आपण निघून आलो की सरकारी कागदावर त्या वस्तीत एकही मूल दगावलेलं नसतं. मग तिथे दवाखान्याची गरज आहे हे कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

तान्ह्या बाळांचंही सांगते, कारण मोजणीत तीही पुष्कळदा सुटतात. बारसं झालेलं नसतं, नाव नसतं, म्हणून घरचे सांगत नाहीत. तुम्ही विचारता, घरात माणसं किती? ते म्हणतात, पाच. पाळण्यातलं सहावं त्यांच्या लेखी अजून ‘माणूस’ झालेलं नसतं. दोरीवर लंगोट वाळत असतील तर विचारा. नाव नसेल तर ‘बाळ’ लिहा, पण लिहा. आणि आधी गाठलेल्या घरांत २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंत कुणी जन्मलं का, कुणी गेलं का, हे विचारायला २०११ मध्ये १ ते ५ मार्चला फेरभेट होती. पुष्कळांनी ती घरी बसून केली. तुम्ही तसं करू नका. २०११ च्या मोजणीनंतर जी पडताळणी झाली तिच्यात हजारामागे सुमारे २३ माणसं सुटल्याचं दिसलं होतं. १२१ कोटींच्या देशात हा आकडा पावणेतीन कोटींच्या घरात जातो.

काही जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेणार नाहीत. घाई करू नका, चिडू तर मुळीच नका. १९४८ च्या जनगणना कायद्यातच लिहिलंय की रूढीने जे नाव घ्यायला मनाई आहे ते सांगण्याची स्त्रीवर सक्ती नाही. मला हे कलम फार आवडतं. कायदा लिहिणाऱ्यांनी उंबरठ्यामागे उभी असलेली बाई डोळ्यांसमोर आणली होती. मुलगा किंवा शेजारीण नाव सांगते, अडत नाही.

वय विचारलं की पंचेचाळीस, पन्नास, साठ अशीच उत्तरं येतात. ती तशीच लिहिली की देशात पन्नाशीची माणसं भरपूर आणि एकोणपन्नासची कुणीच नाही असं दिसायला लागतं. माझी पद्धत सांगते. मी विचारायची, दीक्षाभूमीवर दीक्षा झाली तेव्हा तुम्ही होता का, केवढ्या होता? १९७२ च्या दुष्काळात कामावर जात होता का? मोवाडचा पूर आला तेव्हा, गोवारी मोर्च्यात माणसं चेंगरून मेली तेव्हा, मोठा मुलगा केवढा होता? १९५६, १९७२, १९९१, १९९४. विदर्भातल्या माणसाला साल आठवत नसलं तरी त्या वेळी काखेत कोण होतं ते पक्कं आठवतं. तेवढ्यावरून वय निघतं.

शिक्षणाच्या प्रश्नाबद्दल मी शिक्षिका म्हणून जरा कडक बोलणार आहे. साक्षर म्हणजे सात किंवा त्याहून जास्त वर्षांची अशी व्यक्ती, जिला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता येतं आणि लिहिताही येतं. सही करता येते म्हणून साक्षर नाही. नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, तीही नाही. उलट, शाळेत कधीच न गेलेली पण नातवाच्या पुस्तकातून शिकून चिठ्ठी लिहिणारी आजी साक्षर आहे, तिला तसंच लिहा. नागपूर जिल्हा २०११ मध्ये ८८ टक्क्यांवर साक्षर निघाला. आम्हाला अभिमान वाटला, पेढे वाटले. पण मी ज्या वर्गांत शिकवलं त्यांतली काही मुलं आठवीत जाऊनही परिच्छेद वाचू शकत नव्हती, आणि घरच्यांनी त्यांना साक्षर म्हणूनच सांगितलं असणार. तुम्हाला परीक्षा घेता येणार नाही, मान्य. पण ‘वाचता येतं का, लिहिता येतं का’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. एका दमात विचारले की एका दमात ‘हो’ येतं.

आणि ‘शाळेत जातो का’ याचं उत्तर हजेरीपटावरून घेऊ नका. हजेरीपटावर नाव असणं वेगळं आणि शाळेत जाणं वेगळं. हे मी पटसंख्या टिकवण्यासाठी धडपडलेली बाई सांगते आहे. वर्गात नाव आहे आणि मूल भट्टीवर आहे, हे आम्हा शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक?

त्या भट्ट्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. जनगणना फेब्रुवारीत असते आणि फेब्रुवारी हा वीटभट्टीचा भर हंगाम. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी परततात. त्याच दिवसांत काटोल-नरखेडकडे मृगाचा संत्रा तोडायलाही माणसं गेलेली असतात. गावातला प्रगणक म्हणतो, ते शहरात गेले. शहरातला म्हणतो, ते गावचे आहेत. २०११ चा नियम साधा होता: ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत जो आपल्या नेहमीच्या घरी एकदाही आला नाही, त्याला जिथे तो सापडेल तिथेच मोजायचं.

माझ्या गटाच्या नकाशावर भट्टीच्या जागी नुसती ‘मोकळी जागा’ होती. गेले तर कच्च्या विटा रचून केलेल्या, कमरेएवढ्या उंचीच्या एकोणीस खोल्या. वर ताडपत्री. दुपारी तिथे फक्त मुलं होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी. मी विचारलं, शाळेत जातेस? म्हणाली, गावी जाते. गावी कधी जातेस? पाऊस पडला की. तिसरीत नाव होतं तिचं. म्हणजे वर्षातले चार महिने तिसरी, आणि बाकीचे महिने कच्च्या विटा पलटवायच्या. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आलं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून. योजना चांगली आहे. पण कार्ड देणाऱ्याला आधी माहीत हवं की मोकळ्या जागेत एकोणीस घरं आहेत. मी तीन संध्याकाळी तिथे गेले, कारण आई-बाप अंधार पडल्यावरच भेटतात. शहाण्णव माणसं निघाली. त्यांतली सहा वर्षांखालची सव्वीस.

तुमच्या नकाशावर कुठेही ‘मोकळी जागा’, ‘बांधकाम चालू’, ‘गोदाम’ असं दिसलं तर तिथे संध्याकाळी जा. बांधकामावरचा चौकीदार एकटा नसतो, त्याचं कुटुंब तळमजल्यावर असतं.

अपंगत्वाच्या प्रश्नाला घरचे आधी नाहीच म्हणतात. मुलीच्या लग्नाचा विचार असतो. तेव्हा ‘घरात कुणी अपंग आहे का’ असं न विचारता, कुणाला दिसण्या-ऐकण्याचा, चालण्याचा, बोलण्याचा, समजण्याचा त्रास आहे का, असं विचारा. आणि नागपुरात आणखी एक लक्षात ठेवा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक गुण मध्य भारतात असल्याचं १९५८ मध्ये जगासमोर आलं ते आपल्याच भागातल्या पाहणीतून. उत्तर नागपुरात असं कुटुंब भेटणार नाही असं होणं कठीण. अंगदुखीने महिन्यातून आठ दिवस अंथरुणाला खिळणारा तरुण मुलगा घरच्यांच्या लेखी ‘अशक्त’ असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. तुमच्या पत्रकात त्याला कुठला रकाना आहे हे प्रशिक्षणातच विचारून घ्या, दारात उभं राहून विचार करायची वेळ आणू नका.

जात या वेळी सगळ्यांचीच लिहायची आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच. आडनावावरून अंदाजाने लिहू नका आणि गल्लीला ऐकू जाईल असं विचारू नका. धर्म बौद्ध सांगितला म्हणून अनुसूचित जातीचा रकाना रिकामा ठेवू नका. १९९० पासून बौद्धांनाही तो लागू आहे. सांगणारा सांगेल ते लिहायचं. आणि कुणी घाबरलं तर सांगा, ही माहिती कायद्याने गुप्त आहे, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

या वेळी लोक स्वतः मोबाइलवर माहिती भरू शकतील. चांगलं आहे, पण भरणारा बहुधा घरातला शिकलेला मुलगा असेल. तो ओळख क्रमांक दाखवेल आणि म्हणेल, झालं आमचं. तरीही आजीला एकदा हाक मारा.

आता चार शब्द अधिकाऱ्यांना. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना तीनच बाहेरची कामं देता येतात: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. म्हणजे हे काम आमचंच, तक्रार नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, आणि महापालिकेच्या दोन शिक्षकी शाळेतून एक शिक्षक उचलला की दुसऱ्याच्या गळ्यात चार वर्ग येतात. ज्या मुलांचं शिक्षण मोजायला निघालो त्यांचंच शिक्षण महिनाभर बंद पडतं. त्या शाळांवर आधीच तासिका शिक्षक नेमा. प्रगणकाला सकाळची शाळा आणि दुपारी मोजणी असं दोन्ही करायला लावू नका. दमलेला माणूस दोन्ही रकान्यांत तीन-तीनच लिहितो. मी लिहिलं होतं. आणि भट्ट्या, बांधकामं, टोल्या यांची यादी पोलीस ठाण्याकडून, ठेकेदारांकडून, आशाताईंकडून आधीच मागवा.

शेवटी २८ फेब्रुवारीची रात्र. ज्यांना घरच नाही त्यांना त्या रात्री मोजतात. २०११ मध्ये आम्ही सहा जण होतो. रेल्वे स्टेशनचा परिसर, सीताबर्डीचा उड्डाणपूल, मग मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवाराबाहेरचा फुटपाथ. मेडिकलपाशी मात्र सांभाळून. तिथे झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून रुग्ण घेऊन आलेले असतात, त्यांना गावी घर असतं, आणि तिथे त्यांचं नाव बहुधा लागलेलं असतं. प्रत्येकाला विचारावं लागतं. तोंडावर टॉर्च मारू नका; पायाशी बसा, हळूच हाक मारा, आधी आपण कोण ते सांगा, कारण रात्री अंगावर हात पडला की त्यांना पोलीस आले असं वाटतं. चादरीखाली एक माणूस दिसलं तरी पोटाशी धरलेलं मूल असू शकतं. त्या रात्री मध्यरात्रीनंतर गार वारा सुटतो. शाल न्या, आणि जमलं तर थर्मासमध्ये चहा. विचारायला बसलं की चहा द्यावासा वाटतो.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर